साप चावल्यावर रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं नुसतं ठेवून का देतात?

तुमचं म्हणणं असं की काकांना बांधावर घोणस चावली, सरकारी दवाखान्यात नेलं तर त्यांनी रक्त काढून साध्या काचेच्या नळीत ओतलं आणि ट्रेवर ठेवून दिलं, मशीन नाही की काही नाही, हा टाइमपास होता का. अजिबात नाही. मी लॅब टेक्निशियन आहे, कोकणात पावसाळा लागला की ही टेस्ट आमच्याकडे रोजचीच.

आधी रक्त गोठतं कसं ते बघू. शीर फाटली की प्लेटलेट्स तिथे जाऊन चिकटतात, भोक तात्पुरतं बुजतं, पण ते काम कच्चं. पक्कं काम फॅक्टर नावाची प्रथिनं करतात, त्यांना १ ते १३ नंबर आहेत (६ नंबर यादीतून कधीच काढून टाकलाय), एक दुसऱ्याला जागं करतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं आणि ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे धागे बनवतं. त्या धाग्यांच्या जाळीत पेशी अडकल्या की झाली गुठळी.

आता गंमत बघा, घोणशीचं विष रक्त पातळ करतं असं सगळे म्हणतात पण सुरुवातीला ते उलटंच करतं. ते ५ आणि १० नंबरच्या फॅक्टरला थेट चालू करतं, फुरसं तर पुढच्या पायरीवर जाऊन प्रोथ्रॉम्बिनलाच (ज्यापासून थ्रॉम्बिन बनतं ते) धरतं, मग अंगभर बारीक बारीक गोठणं सुरू होतं आणि त्यात सगळं फायब्रिनोजेन खर्ची पडतं. नंतर उरतं ते रक्त गोठणार कशाने? म्हणून हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचली तिथून रक्त येत राहतं.

नळीची टेस्ट नेमकं हेच बघते. शिरेतून २ एमएल रक्त, कोरडी स्वच्छ काचेची नळी, २० मिनिटं हात लावायचा नाही, मध्येच हलवून "झालं का" बघणारे नातेवाईक असतात त्यांना आम्ही लांबच ठेवतो. वेळ झाली की नळी एकदाच तिरकी करायची. गुठळी जागची हलली नाही तर ठीक, रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनलंय, लस (म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, अँटिव्हेनम) सुरू. नळी काचेचीच लागते कारण काचेचा पृष्ठभागच १२ नंबरच्या फॅक्टरला चालू करतो, प्लास्टिकमध्ये चांगलं रक्तसुद्धा वेळेत गोठेलच असं नाही, आणि साबणाने धुतलेली नळी वापरली तरी रिझल्ट चुकतो.

मोठ्या लॅबमध्ये निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतात, त्यात सायट्रेट असतं, ते कॅल्शियम पकडून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. मग मशीनवर कॅल्शियम परत देऊन किती सेकंदात गोठतं ते मोजायचं. पीटी आणि एपीटीटी या गोठायचा वेळ मोजणाऱ्या दोन टेस्ट, पीटी नॉर्मली १२ सेकंदांच्या आसपास, एपीटीटी ३० च्या आसपास, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे. आयएनआर हा त्या पीटीवरूनच काढलेला आकडा, हृदयाच्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालेल्यांना तो पाठच असतो. आणि हो, घोणशीचंच विष अगदी पातळ करून लॅबमध्ये एका टेस्टला वापरतात, वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांमध्ये ल्युपस अँटिकोॲग्युलंट नावाची अँटिबॉडी शोधायला!

एक मात्र लक्षात ठेवा, नाग किंवा मण्यार चावली तर नळीतलं रक्त छान गोठतं कारण ते विष मज्जातंतूंवर जातं. त्यामुळे "गुठळी झाली, चला घरी" असं कधीच करायचं नाही, पापण्या जड होतायत का, गिळायला त्रास होतोय का ते डॉक्टर बघत राहतात.

काकांची टेस्ट लस दिल्यावर परत केली म्हणून तुम्ही घाबरलात ना, तर ते तसंच असतं. लस विषाला अडवते, पण संपलेलं फायब्रिनोजेन लिव्हरलाच नव्याने बनवावं लागतं आणि त्याला काही तास जातात, म्हणून ६ तासांनी परत नळी भरतात आणि तरीही गोठलं नाही तर लसीचा पुढचा डोस देतात.