शेजारीण विरजण मागायला यायची बंद झाली

"मावशी, मी लातूरची, आम्ही ख्रिस्ती, शेजारच्या वहिनी हिंदू. 2016ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ना, त्या उन्हाळ्यात टँकरच्या लायनीत आमची ओळख झाली, तेव्हापासून दोन घरं एकच. यंदा चर्चमध्ये सांगितलं की ज्यांना येशूची सुवार्ता सांगायची अशी पाच नावं लिहून द्या, मी पहिलं नाव वहिनींचं लिहिलं. रोज सकाळी त्यांना बायबलातलं वचन पाठवायला लागले, त्यांच्या मिस्टरांच्या दारूसाठी ग्रुपवर प्रार्थना विनंती पण टाकली. आता त्या विरजण मागायलासुद्धा येत नाहीत, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या पूजेला, शेतात पण बोलावलं नाही. मी गप्प बसले तर येशूला लाजल्यासारखं होईल का? काय करू?"

अगं बाई, एवढं मोठं पत्र लिहिलंस आणि खरी गोष्ट अर्ध्या ओळीत उरकलीस. मिस्टरांच्या दारूचं ग्रुपवर टाकलं! नावासकट टाकलं का? किती जण आहेत त्या ग्रुपमध्ये? त्यातल्या एखादीची नणंद नाहीतर जाऊ वहिनींच्या ओळखीची निघणारच, लातूर काय एवढं मोठं नाही. वहिनींनी ते तुला कधी सांगितलं असेल, रात्री ओट्यावर बसून, पदरानं डोळे पुसत, पोरं झोपल्यावर. तुला एकटीला. आणि तू ते प्रार्थनेच्या नावाखाली वाटून टाकलंस. मन वाईट नव्हतं तुझं, माहितीय मला, पण तिच्या बाजूनं बघितलं तर ती चुगलीच झाली की गं.

सकाळच्या मेसेजचं त्यामानानं किरकोळ. धर्म पाळायचा, सांगायचा हक्क घटनेच्या 25व्या कलमात आहे, कुणी नाही म्हणत नाही, पण हक्क आहे म्हणून रोज पहाटे गुलाबाच्या फुलावर वचन लिहून पाठवायचं का? तिचं "सुप्रभात स्वामी समर्थ" रोज आलं असतं तर तूच तिला म्यूट केलं असतंस.

मी काही शहाणी नव्हते बरं का. मी जालन्याकडची, पाळक नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल हे ख्रिस्ती गाव आमच्या जवळच, त्या जुन्या लोकांच्या गोष्टी ऐकत वाढले, आपणही कुणाला तरी प्रभूकडं आणावं असं लई वाटायचं. लग्नानंतर शेजारणीला मोठ्या हौसेनं नवा करार दिला. तिनं तो लाल कापडात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवला, रोज हळदकुंकू, पान मात्र एक उघडलं नाही. मी आतल्या आत चरफडायचे. पुढं तिचं पोरगं तापानं फणफणलं, नवरा गावाला, मी रात्रभर त्याच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या बदलत बसले, पहाटे तिनं विचारलं, तुम्ही मघाशी डोळे मिटून काय पुटपुटत होतात? तेव्हा सांगितलं. पाच मिनिटं, जेवढं विचारलं तेवढंच. ती ख्रिस्ती झाली का म्हणशील तर नाही झाली, देव्हारा आहे तिथंच आहे. पण तेव्हापासून काही अडलं की "तुमच्या येशूला सांगा हो" असा निरोप येतो, आणि हुरड्याची पहिली कणसं अजून माझ्याकडंच येतात.

आणि घाई कशाची आहे गं तुला? नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला 1895ला आणि लक्ष्मीबाईंनी 1900ला. सख्ख्या बायकोला पाच वर्षं लागली, तीही रुसून, भांडून, स्वतःचं स्वतः ठरवून. तुझ्या पाळकांना वर्षअखेरीला पाच नावांचा हिशोब पाहिजे असेल तर त्यांना सरळ सांग, पाळकसाहेब, वहिनींचं नाव मी खोडते, ती माझी मैत्रीण आहे. रागावले तर रागावू दे.

येशूला लाजणं म्हणतेस, तर ते असं नसतं. कुणी विचारलं आणि तू विषय बदललास तर लाजलीस. रविवारी कुठं जाता विचारलं तर चर्चला म्हण, ख्रिसमसचा फराळ दे, ती सिद्धेश्वराच्या जत्रेचं सांगायला लागली की मध्येच आपलं न घुसवता नीट ऐक, तिलाही श्रद्धा आहे, ती काय रिकामं भांडं नाही तू भरायला. येळवशीला पुढच्या वर्षी बोलावलं तर जा. पूजेला हात जोडायचे नसतील तर जोडू नको, बाजूला उभी राहा, कुणी काही म्हणत नाही, मग पंगतीत बसून भज्जी, उंडे आणि आंबील पोटभर खा. खायचं की नाही याची शंका असेल तर बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 10वा अध्याय वाच, पौलानं तुझ्यासारख्यांसाठीच लिहून ठेवलंय.

आता काय करायचं ते. आधी ग्रुपवरचा तो मेसेज काढता येतोय का बघ, नसेल तर अॅडमिनला काढायला लाव, आणि यापुढं कुणासाठी प्रार्थना मागायची तर आधी त्या माणसाला विचारून. मग दुपारी, मिस्टर घरी नसताना, वहिनींकडं जा. बायबल नेऊ नको, केक पण नको. दारातच सांग, वहिनी, तुमच्या घरातलं मी चार लोकांत बोलले, माझं चुकलं. "प्रार्थनेसाठीच टाकलं होतं" हे वाक्य तोंडातून काढू नको. ती बोलली तर ऐक, नाही बोलली तर परत ये, एखादं दार एका दिवसात उघडत नाही.

बायबलातल्या शोमरोनी बाईची गोष्ट तुला पाठ असेल. विहिरीवर येशूनं आधी काय केलं? पाणी मागितलं तिच्याकडं. तुम्ही दोघी तर पाण्याच्याच लायनीत भेटलात. तेव्हा आठ-दहा दिवस जाऊ दे, आणि एका संध्याकाळी वाटी घेऊन तूच तिच्या दारात जा, विरजण मागायला.