उमेदवार, उपासना आणि गटाराचा अर्ज

ठाणे

प्रिय मुली,
प्रभूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाताळच्या उपासनेत एका इच्छुक उमेदवाराला दोन मिनिटं बोलू द्यावं, मंडळीचा पाठिंबा जाहीर करावा, म्हणजे दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम मार्गी लागेल, असं तरुण संघातल्या निम्म्या मुलांचं म्हणणं. ‘पाळकसाहेब, यात वाईट काय?’ असं तू सरळ विचारलंस, ते आवडलं.

त्या रस्त्याचं दुखणं मला सांगायला नको. मागच्या पावसात शवपेटी खांद्यावर घेऊन माणसं गुडघाभर पाण्यातून चालली. पुढच्या दोघांच्या चपला गटारात गेल्या. त्यांनी तसंच अनवाणी कबरीपर्यंत पोचवलं. तरीही माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

कायद्याचं आधी उरकतो. धार्मिक संस्थेची जागा राजकीय प्रचाराला वापरू देण्यावर 1988 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि जबाबदारी येते ती संस्था चालवणाऱ्यांवर, म्हणजे मी आणि पंचमंडळी. शिवाय विधानसभा-लोकसभेच्या निवडणुकीत धर्माच्या नावावर मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 खाली भ्रष्ट आचार ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी जानेवारी 2017 मध्ये, चार विरुद्ध तीन अशा मतांनी, त्यात मतदाराचाही धर्म धरला. नुसता उमेदवाराचा धर्म पुढे केला नाही म्हणून सुटका नाही. वाद आपल्या शेजारचाच होता, 1990 च्या सांताक्रूझच्या निवडणुकीचा. (निकालाला किती वर्षं लागली ते तूच मोज.)

पण समजा, हे कायदे नसते, तरी मी वेदीजवळचा माईक दिला नसता. मंडळीत वेगवेगळ्या पक्षांना मत देणारे लोक शेजारीशेजारी बसून प्रभुभोजन घेतात. मी एकाचं नाव घेतलं की उरलेल्यांना त्यांच्याच घरात पाहुणं केलं. आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या सणाच्या मांडवातून मतांचं आवाहन झालं, की आपण कोणत्या तोंडाने बोलणार? बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बजावलं होतं, की धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेईलही, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. भक्ती शिकवणं हे माझं काम, म्हणून ती कुठे करू नये हेही मलाच सांगायला हवं.

मग रस्त्याचं काय? अर्ज कर. नागरिक म्हणून, महापालिकेच्या प्रभाग समितीकडे. पोच घे, आवक क्रमांक लिहून ठेव. काहीच हाललं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचार, की अर्जावर काय कारवाई झाली. 30 दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आणि त्याच अर्जात पलीकडच्या वस्तीतल्या तुंबणाऱ्या गटाराचंही लिही, जरी तिथे आपलं एकही घर नसलं तरी. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र आठवतं ना? ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा, असं त्यात आहे. ते नगर तर त्यांना परकं होतं. ठाणं आपलंच आहे.

यावरूनच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पाडव्याच्या स्वागतयात्रेत मैत्रिणींबरोबर नऊवारी नेसून लेझीम खेळायला जाऊ का, आणि घरचे नाराज होतील का? जा. लेझीम तुझीही आहे. पालखीपुढे हात जोडायचे की नाही, हे तुझ्या विवेकावर सोडतो. त्याचं स्वातंत्र्य तुला घटनेच्या कलम 25 ने दिलंय आणि मीही देतो. घरच्यांशी मी बोलेन. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताचे अभंग रचले, आपण ते पेटी-तबल्यावर गातो, तेव्हा कुणाला परकं वाटत नाही. तलावपाळीवर कौपिनेश्वराचं देऊळ आहे, जवळच कॅथलिकांचं चर्च आहे. थोडं पुढे गेलं की 1879 चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जिथल्या बेने इस्राएल लोकांची घरची भाषा मराठीच. त्यांच्यात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं होत असत. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं कुणी विचारलं तर चिडू नकोस, पण पुरावेही देत बसू नकोस. गावाचं नाव सांग आणि पुढे चल.

त्या उमेदवाराला नाताळला यायचं असेल तर जरूर यावं. मागच्या बाकावर जागा असतेच, आणि केक सगळ्यांना मिळतो. फक्त डब्यांवर फोटोचे स्टिकर नकोत, हे आधीच कळवून टाक.

रविवारी उपासनेनंतर पंचमंडळींची बैठक आहे. अर्जाचा मसुदा एका पानात लिहून आण. गटाराचे फोटो मोबाईलमध्ये असतील तर छापून जोड, आणि सह्या घेताना पलीकडच्या वस्तीतही जाऊन ये.

तुझा,
पाळक