टमी टक केल्यावर नेमकं काय होतं? सावरायला किती वेळ लागतो?

तुम्ही लिहिलंय की दोन सिझर झाली, वजन उतरवलं, तरी पोटाची कातडी लोंबतेच. टमी टक, म्हणजे ही सैल कातडी काढायचं ऑपरेशन, केलं तर किती दुखेल आणि ऑफिसला कधी जाता येईल, असं विचारलंय. माझंही कारण साधारण हेच होतं, म्हणून अनुभवावरून सांगते.

हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. काट्यावर फारसा फरक दिसत नाही. निघते ती मुख्यतः बेंबीखालची सैल कातडी आणि तिच्याखालची चरबी. आत आतड्यांभोवती साठलेली चरबी जागेवरच राहते, तिला खाण्यापिण्याशिवाय इलाज नाही. खरं काम असतं स्नायूंचं. गरोदरपणात पोटाचे मधले दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब सरकतात आणि कितीही क्रंचेस मारल्या तरी ती फट काही जणींची मिटत नाही. सर्जन ते टाके घालून जवळ आणतात, वरची कातडी खाली ओढतात, जास्तीची कापून टाकतात आणि बेंबीला त्या कातडीतून नवी जागा करून देतात. बेंबीचा हर्निया असेल तर बऱ्याचदा तोही त्याच वेळी उरकतात. सिझरची खूण सहसा निघून जाते, पण तिच्या जागी एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत लांब व्रण येतो. साडीत, पॅन्टमध्ये झाकला जातो, पण असतो जन्मभर. हा सौदा पटत नसेल तर पुढे जाऊच नका.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, साधारण दोन ते चार तासांचं. नंतर लवकरात लवकर उठवून चालायला लावतात. राग येतो, पण पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते अत्यंत गरजेचं असतं. घरी आल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली-दुखली, छातीत दुखलं किंवा दम लागला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

पहिला आठवडा वाईट जातो, उगाच गोड बोलत नाही. पोट इतकं ताणलेलं असतं की सरळ उभंच राहता येत नाही, कमरेत वाकून चालावं लागतं, त्यामुळे पोटापेक्षा पाठच जास्त बोंबलते. झोपायचं तेही पाठीमागे तक्के आणि गुडघ्यांखाली उशी घेऊन. बहुतेक सर्जन ड्रेन ठेवतात: पोटातून निघालेली बारीक नळी आणि टोकाला रबरी फुग्यासारखी डबी. त्यातलं पाणी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचं, डबी दाबून हवा काढायची आणि झाकण लावायचं. आधी लालभडक येतं, मग फिकट पिवळसर होत जातं. दिवसाचं पाणी पुरेसं कमी झालं की नळी काढतात. घरात कुणी फोडणी टाकली आणि मला ठसका लागला, तेव्हा टाके म्हणजे काय ते कळलं. उशी कायम हाताशी ठेवा. खोकला, शिंक, हसू, काहीही आलं की ती पोटावर घट्ट दाबून धरायची. (हसवणाऱ्या मैत्रिणींना सरळ नंतर या म्हणावं.) दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, तेव्हा इसबगोल वगैरे काय घ्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा, उकिडवं बसणं जमणारच नाही.

म्हणून माझं मत असं की तारीख सर्जनच्या सोयीने नाही, घरातल्या माणसाच्या सोयीने घ्यावी. आई, बहीण, नवरा, पगारी बाई, कुणीही चालेल. पण पहिले दोन आठवडे स्वयंपाक आणि मुलांचं पूर्ण आपल्या अंगावर घेणारं माणूस हवंच. लहान मूल कडेवर यायला बघतं आणि साधारण सहा आठवडे जड उचलायची बंदी असते. बसून करायचं काम असेल तर दोन-तीन आठवड्यांनी ऑफिस जमतं. स्कूटर मात्र करकचून ब्रेक दाबताना पोट आखडायचं थांबत नाही तोवर नको.

सूज फार फसवते. सकाळी बरं दिसतं, संध्याकाळी ड्रेस घट्ट होतो, आणि हे काही महिने चालतं. तेवढ्यात आरशासमोर उभं राहून निकाल लावू नका. बेंबीखालचा भाग बधिर राहतो, त्यामुळे तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. भाजलं तरी कळत नाही. व्रण आधी लाल, जाडसर असतो, फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं.

आणखी मूल हवं असेल तर आत्ता थांबा. सिगारेट, तंबाखू, मिश्री यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम उघडू शकते. किमान महिनाभर आधी बंदच करायचं. डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे ना, ते बघा. ‘कॉस्मेटिक’ पाटी कुणीही लावतं. मेडिक्लेम सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला सहसा पैसे देत नाही, तेव्हा भूलतज्ज्ञ, औषधं, नंतर पोटावर घालायचा घट्ट पट्टा धरून पूर्ण आकडा लेखी मागा. पट्टे दोन घ्या. कित्येक आठवडे रात्रंदिवस घालायचा असतो आणि पावसाळ्यात एक धुतला की वाळता वाळत नाही.