तांत्रिक शिक्षण झाल्यावर करिअर कसं घडतं, आणि समाजासाठी काही करायला स्थिर होईपर्यंत थांबावं का?

तुम्ही डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहात. तांत्रिक महाविद्यालयातून बाहेर पडलेले लोक करिअर कसं उभं करतात, समाजाचं देणं कसं फेडतात आणि आधी पाय रोवून मगच तिकडे वळावं का, असं तुम्ही विचारलंय. मी इलेक्ट्रिकलचा. नोकरी सुरू केल्यापासून कारखान्यांच्या मेंटेनन्समध्येच आहे. माझ्या मते थांबायचं काहीच कारण नाही. तुमच्याकडे देण्यासारखं आहे ते हातातलं काम, आणि ते पहिल्या पगाराच्या आधीपासून तुमच्याकडे असतं.

आधी करिअरचं सांगतो. पहिली नोकरी घेताना पगाराइतकंच हेही बघा, की तुम्ही कोणाच्या हाताखाली काम करणार आहात. रात्रपाळीत मशीन बंद पडतं, उत्पादन अडकतं, सगळे घायकुतीला आलेले असतात. अशा वेळी मुरलेला तंत्रज्ञ आधी पॅनेल उघडत नाही. तो ऑपरेटरला विचारतो: बंद पडण्याआधी आवाज बदलला होता का, वास आला का, आज कोणी काही सेटिंग हलवलं का? मग ड्रॉइंग काढतो, आणि त्यानंतर मीटर. हा क्रम त्याच्या शेजारी उभं राहूनच अंगवळणी पडतो. जर्मनीत व्यवसाय शिक्षणाचे बहुतेक अभ्यासक्रम तीन ते साडेतीन वर्षांचे असतात आणि त्या काळात प्रशिक्षणार्थी काही दिवस कंपनीत, काही दिवस शाळेत जातो, ते याचसाठी. तुम्हाला अप्रेंटिसशिपची संधी मिळत असेल आणि शिकवणारी माणसं चांगली असतील, तर थोडा कमी पगार सोसा.

स्वतःची वही ठेवा. कंपनीचं लॉगबुक वेगळं, ही तुमची. प्रत्येक ब्रेकडाऊनला लक्षण काय होतं, काय मोजलं, रीडिंग किती आलं, खरा दोष कुठे निघाला, काय बदललं. काही वर्षांनी एखादी मोटार दर पावसाळ्यात का त्रास देते, हे तुम्ही वही उघडून सांगू शकता. सुपरवायझरची जागा रिकामी झाली की असाच माणूस पटकन आठवतो.

प्रमाणपत्रांबद्दल मुलं फार गोंधळतात. एक वेल्डिंगचं उदाहरण घ्या. पाइप वेल्डिंगच्या 6जी चाचणीत पाइप 45 अंशांत पक्का बसवलेला असतो, तो फिरवायचा नाही. वेल्डरनंच भोवती फिरत, खालून आणि वरून जोड पूर्ण करायचा. मग त्या जोडाचे तुकडे वाकवून किंवा एक्स-रे काढून आतला दोष शोधतात. हाती येणारी पात्रता ठरावीक प्रक्रिया, धातू आणि स्थितीपुरतीच असते. त्या प्रक्रियेनं सलग सहा महिने काम केलं नाही, तर वेल्डिंगच्या प्रमुख कोडनुसार, म्हणजे नियमावल्यांनुसार, ती संपतेसुद्धा. म्हणून जे काम रोज करायचंय त्याचंच प्रमाणपत्र घ्या. बायोडेटा लांबवण्यासाठी कोर्स करू नका.

पुढे वाटा फुटतात: सुपरवायझर, ऑटोमेशन, डिझाइन, शिकवणं, स्वतःचा व्यवसाय. व्यवसायाबद्दल एवढंच सांगेन, की आधी अंदाजपत्रक करायला शिका. उत्तम हात असलेली माणसं तिथेच मार खातात.

आता देण्याबद्दल. जॉर्ज बर्कबेक हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल. ग्लासगोच्या अँडरसन संस्थेत शिकवणारा हा तरुण डॉक्टर प्रयोगाची उपकरणं स्थानिक कारागिरांकडून बनवून घेत असे. आपण बनवतोय ते यंत्र नेमकं कसं चालतं, हे जाणून घ्यायची त्यांची ओढ त्याला दिसली आणि 1800 साली त्यानं कामगारांसाठी विनामूल्य व्याख्यानं सुरू केली. तेव्हा तो ऐन पंचविशीत होता, श्रीमंत नव्हता. लंडनची मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन, म्हणजे कामगारांना शिकवणारी संस्था, 1823 मध्ये उभी राहिली ती त्याच्याच पुढाकारानं. अलीकडचं उदाहरण मार्टिन पोस्टमा या डच महिलेचं. तिनं 2009 मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिला रिपेअर कॅफे भरवला. लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि दुरुस्ती जाणणारे स्वयंसेवक त्यांच्याच मदतीनं त्या उघडून दुरुस्त करतात. हा उपक्रम पुढे अनेक देशांत पसरला. तिथे बसणाऱ्या माणसाकडे स्क्रू ड्रायव्हर, मीटर आणि धीर एवढं असलं तरी पुरतं.

माझ्या अनुभवातलं एक काम जरा तपशीलात सांगतो. एका सार्वजनिक वाचनालयाचं वायरिंग तपासून द्यायला आम्ही काही सहकारी गेलो होतो, सोबत शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी. पॅनेलमध्ये 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह अर्थकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच, होता, पण वायर टाकून बायपास केलेला. कारण काय, तर 'सारखा ट्रिप होतो'. म्हणजे शॉक लागला तर जीव वाचवणारी एकच गोष्ट तिथे होती आणि तीच निकामी केलेली. नवा आरसीसीबी बसवून मोकळं होणं सोपं होतं. आम्ही ते केलं नाही. मेन बंद करून लॉक लावलं, संगणक आणि दिवे सुटे केले, आणि विद्यार्थ्यांनी एकेक सर्किट 500 व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे इन्शुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरनं, तपासलं. हा रोध किमान 1 मेगाओम हवा. बाकी सगळी सर्किटं त्याच्या खूप वर होती. एकाचं रीडिंग न्यूट्रल आणि अर्थमध्ये शून्याजवळ आलं. शोधत गेलो तर कपाटामागच्या सॉकेटमध्ये स्क्रूनं न्यूट्रलचं इन्शुलेशन चिरलं होतं आणि तार लोखंडी पेटीला टेकली होती. परतीचा थोडा प्रवाह अर्थमधून जायचा. गेलेला आणि परतलेला प्रवाह जुळत नव्हता, म्हणून आरसीसीबी ट्रिप व्हायचा. तो त्याचं काम चोख करत होता. दोष काढल्यावर आरसीसीबी त्याच्या टेस्टरनं तपासला, 300 मिलिसेकंदांच्या मर्यादेत ट्रिप झाला. सगळी रीडिंग एका विद्यार्थ्यानं कागदावर लिहून पॅनेलच्या दारात आतून चिकटवली. पुढच्या मुलाखतीत सांगायला त्याच्याकडे स्वतःचं एक पूर्ण काम होतं.

माझा आग्रह इथेच आहे. समाजासाठी केलेलं काम पैशांच्या कामाइतकंच पक्कं हवं. फुकट आहे म्हणून चाचणी सोडायची, हाताला येईल ती वायर वापरायची, नोंद ठेवायची नाही, हे चालणार नाही. त्या इमारतीत बसणाऱ्या मुलांना विजेचा धोका तेवढाच असतो. आणि ज्या कामाचा परवाना तुमच्याकडे नाही त्याला नाही म्हणा, मागणारा कितीही जवळचा असला तरी. परवानाधारक माणूस शोधून द्या आणि त्याच्या हाताखाली मदतीला उभे राहा. ही मदतही मोठीच आहे.

आपल्या महाविद्यालयात परत गेलात तर भाषण नको, खराब झालेला भाग घेऊन जा. वेग बदलणाऱ्या इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मोटारीचं निकामी बेअरिंग मी वर्गात नेतो. शाफ्टवर तयार झालेला विद्युतदाब बेअरिंगमधून मार्ग काढतो, त्या सूक्ष्म ठिणग्यांनी रिंगवर समान अंतरावर आडव्या रेषा उमटतात. मुलं बोट फिरवून त्या चाचपतात आणि प्रश्नांवर प्रश्न सुरू होतात. शाफ्टवरचा हा दाब अर्थकडे वळवणाऱ्या अर्थिंग ब्रशपासून कंपनीत अर्ज कसा करायचा इथपर्यंत. पगार, पाळ्या, कानाला होणारा त्रास, बढतीला लागणारा वेळ, सगळं खरं सांगा. ज्यांच्या घरात या क्षेत्रातलं कोणी नाही, त्यांना ही माहिती दुसरं कोणी देत नाही. मुलींना तर हटकून सांगा, कारण शॉपफ्लोअर त्यांच्यासाठी नाही असं ऐकतच त्या शेवटच्या वर्षापर्यंत आलेल्या असतात.

आणि आपल्या कंपनीत अप्रेंटिस घ्यायची वेळ येईल तेव्हा एकाला आपल्याजवळ मागून घ्या. त्याला फक्त टूल्स उचलायला लावू नका, मीटर त्याच्या हातात द्या.

तुम्ही शाखा लिहिलेली नाही. ती कळवलीत, तर शेवटच्या वर्षातच कोणतं काम हाती घेता येईल ते नेमकं सुचवतो.