वाचकांचे प्रश्न : डोक्यातील खाज, कोंडा आणि रात्रीचे तेल

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यातील एका गावात राहते. दिवाळीनंतर कापूस वेचणीचे दिवस आले की माझ्या डोक्याला विलक्षण खाज सुटते आणि केस विंचरताना खांद्यावर पांढरा भुसा पडतो. डोके कोरडे पडले असेल असे समजून सासूबाई रोज रात्री खोबरेल तेल चोळून देतात. त्या रात्री बरे वाटते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज पुन्हा सुरू होते. आमच्याकडील बोअरचे पाणी खारे असल्याने धुतल्यावर केस चिकट होतात, म्हणून मी आठ-दहा दिवसांतून एकदाच आणि तेही अंगाच्या साबणाने डोके धुते. यंदा भुवयांमध्ये व नाकाच्या दोन्ही बाजूंनाही पोपडे धरू लागले आहेत. लिंबू चोळून पाहिले, तर आगच आग झाली. मी कोणते तेल लावावे?

उत्तर : ताई, तेल कोणते, या प्रश्नाचे उत्तर असे की सध्या डोक्याच्या त्वचेवर कोणतेच तेल रात्रभर ठेवू नका. आपल्या पत्रातील भुवया आणि नाकाच्या बाजू यांचा उल्लेख मला फार मोलाचा वाटला. शरीरावर जेथे तेलग्रंथी दाट असतात, त्याच या जागा आहेत. नुसत्या कोरडेपणामुळे सुटणारे पोपडे बारीक व सुके असतात आणि त्यांच्यासोबत बहुधा हातापायांची कातडीही तडतडते. आपला त्रास मात्र तेलकट जागा निवडून उमटतो आहे, तेव्हा तो कोंड्याचाच थोडा वाढलेला प्रकार असण्याची शक्यता अधिक आहे. वैद्यकात त्याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात.

आपल्या सर्वांच्या डोक्यावर मॅलासेझिया नावाची एक सूक्ष्म बुरशी कायम वस्तीला असते. तिला लागणारी स्निग्धाम्ले ती स्वतः तयार करू शकत नाही, म्हणून त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर ती जगते. त्या तेलाचे विघटन करताना ओलेइक आम्लासारखे जे घटक मागे उरतात, ते काही जणांच्या त्वचेला सोसत नाहीत. मग त्वचा चिडते, खाज सुटते आणि एरवी साधारण महिनाभराच्या संथ गतीने, नजरेलाही न येता झडणाऱ्या पेशी घाईघाईने तयार होऊन पुंजक्यापुंजक्याने सुटू लागतात. तोच आपल्या खांद्यावर दिसणारा भुसा. हिवाळ्यात हा त्रास वाढतो, हे आपले निरीक्षण अचूक आहे. शिवाय वेचणीला जाताना दिवसभर दुपट्टा घट्ट बांधलेला, त्याखाली घाम, आणि घरी आल्यावर न धुतलेल्या केसांवर पुन्हा तेल, असा क्रम चालला तर त्या बुरशीला जे हवे ते सर्वच मिळते.

तेल लावल्यावर त्या रात्री बरे वाटते, कारण सुटलेले पोपडे तेलाने चिकटून बसतात आणि दिसेनासे होतात. सासूबाईंचा हेतू मायेचा आहे आणि त्यांना दुखवण्याचे काहीच कारण नाही. डोके धुण्याच्या तासभर आधी थोडे तेल लावून जाड खपल्या मऊ करणे आणि मग शाम्पूने ते पूर्ण धुऊन काढणे याला माझी हरकत नाही. रोजच्या वेणीपुरते तेल हवेच असेल तर ते केसांच्या खालच्या भागाला, टोकांकडे लावावे.

आता पाण्याविषयी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात ही तक्रार घरोघरी ऐकू येते. खाऱ्या व जड पाण्यात साबण फेस धरत नाही. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी संयोग होऊन त्याची न विरघळणारी साय बनते. ती केसांवर व त्वचेवर बसते, वाळल्यावर पांढरी दिसते आणि कित्येकदा तिलाच कोंडा समजले जाते. त्यातून अंगाचा साबण अल्कधर्मी, तर आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, म्हणजे तो तिला आणखी रखरखीत करतो. शाम्पूमधील घटकांची अशी साय धरत नाही, त्यामुळे अगदी साधा शाम्पूसुद्धा आपल्या पाण्यात साबणापेक्षा चांगला. घरी पिण्यासाठी गोड पाणी येत असेल किंवा पावसाचे पाणी साठवलेले असेल, तर सगळे न्हाणे खाऱ्या पाण्याने उरकून शेवटचे एक-दोन तांबे तेवढे त्या पाण्याचे घ्यावेत. थंडीत चुलीवरचे कढत पाणी डोक्यावर ओतण्याची सवय आपल्याकडे आहे, ती मात्र सोडावी. पाणी कोमट असावे.

औषध म्हणून 2 टक्के किटोकोनाझोल असलेला शाम्पू डॉक्टरांना विचारून आणावा. केस ओले करून तो बोटांच्या पेरांनी डोक्याच्या त्वचेवर पोहोचवावा आणि तीन ते पाच मिनिटे तसाच राहू द्यावा. बहुतेक जण फेस आला की लगेच पाणी ओततात आणि शाम्पूचा गुण आला नाही म्हणतात. औषधाला बुरशीपर्यंत पोहोचायला तेवढी मिनिटे द्यावीच लागतात. धुताना तोच फेस भुवयांवर व नाकाच्या कडेलाही, डोळे मिटून, थोडा वेळ ठेवता येतो. असे आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे करावे. त्यानंतर आठवड्या-पंधरवड्यातून एकदा पुरते, परंतु तेवढे चालू ठेवावे, कारण ही बुरशी कायमची हाकलून देता येत नाही, ती फक्त आटोक्यात राहते. एवढ्यासाठीच सात दिवसांत कोंडा मुळापासून नष्ट करणाऱ्या जाहिरातींवर मी विश्वास ठेवत नाही. झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड असलेले शाम्पूही उपयोगी पडतात. सेलेनियमचा वापरताना चांदीचे दागिने काढून ठेवावेत, ते काळे पडतात.

लिंबू पुन्हा लावू नये. खाजवून ओरखडलेल्या त्वचेवर आंबट रस झोंबणारच, आणि तो कपाळावर ओघळलेला असताना उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात. दह्याने फारसे नुकसान नाही, फायदाही फारसा नाही. महिनाभर नीट उपचार करूनही फरक पडला नाही, डोक्यातून पाणी किंवा पू येऊ लागला, किंवा केस पुंजक्यांनी जाऊ लागले, तर ग्रामीण रुग्णालयात दाखवावे.

जाता जाता एक सांगतो, कारण अशी पत्रे दर हंगामात येतात. खाजेला उवा कारण असल्या तरी रॉकेल किंवा फवारणीचे औषध डोक्याला कधीही लावू नये. कीटकनाशके त्वचेतून शरीरात शिरतात, हे 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधांनी आपल्याला फार जवळून दाखवले आहे. कोंडा केसांवरून सहज झटकला जातो, लिखा केसाला घट्ट चिकटलेल्या असतात. एवढ्यावरून दोन्ही ओळखता येतात आणि उवांसाठी पर्मेथ्रिनचे 1 टक्का औषध वेगळे मिळते.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा असून कुरखेडा तालुक्यातील एका वसतिगृहात राहतो. सुटीत घरी आला तेव्हा त्याच्या डोक्यावर रुपयाएवढा गोल चट्टा दिसला. त्यावर कोंड्यासारखे पोपडे आहेत आणि केस मुळाशी तुटल्यासारखे झाले आहेत. मेडिकलमधून आणलेल्या मलमाने खाज थांबली, पण चट्टा मोठा झाला. वरील शाम्पूने हे बरे होईल काय?

उत्तर : नाही. या वयात खरा कोंडा क्वचितच होतो. लहान मुलाच्या डोक्यावर पोपड्यांचा गोल चट्टा आणि तुटके केस दिसले की आधी डोक्याच्या गजकर्णाचाच विचार करावा लागतो. त्याची बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते आणि तेथपर्यंत मलम किंवा शाम्पू पोहोचत नाही. त्यासाठी ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिन यांसारखे पोटात घेण्याचे औषध, मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा ठरवून, कित्येक आठवडे द्यावे लागते. शाम्पूचा उपयोग इतकाच की त्यामुळे दुसऱ्यांना होणारा फैलाव कमी होतो.

आपण आणलेल्या मलमाविषयी मला शंका आहे. खाज चटकन थांबली आणि चट्टा मात्र पसरला, याचा अर्थ त्यात बहुधा स्टिरॉइड असावे. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक एकाच ट्यूबमध्ये कालवून विकण्याच्या प्रकाराने आपल्या देशात गजकर्ण किती हट्टी करून ठेवला आहे, हे प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञ रोज पाहतो. ती ट्यूब बंद करा आणि डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत न्या. हा आजार एकाच्या कंगव्यातून, टोपीतून, टॉवेलमधून दुसऱ्याला होतो. म्हणून घरातील भावंडांची डोकी तपासावीत आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांनाही कळवावे; त्यात लाजण्यासारखे काही नाही. घरी मांजर किंवा कुत्र्याचे पिल्लू असून त्याचेही केस झडत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण काही वेळा बुरशी तेथूनच येते. चट्टा सुजून मऊ, पुवाळलेल्या गळवासारखा झाला तर तो घरी फोडू नये आणि दाखवायला उशीर करू नये. अशा जागी केस कायमचे जाऊ शकतात.

प्रश्न : मी आर्णी तालुक्यातील शेतकरी, वय 52. डोक्यावर कपाळाच्या कडेपर्यंत जाड, चंदेरी पोपडे आहेत आणि कोपरांवर व गुडघ्यांवरही तसेच आहेत. घरात माझा टॉवेल वेगळा ठेवतात. हा कोंडा लागट आहे का?

उत्तर : दादा, हे वर्णन सोरायसिसचे दिसते आणि सोरायसिस स्पर्शाने, टॉवेलने किंवा एका ताटात जेवल्याने कोणालाही होत नाही. टॉवेल ज्याचा त्याचा असणे केव्हाही चांगले, पण आपला आजार लागेल या भीतीने कोणी तो वेगळा ठेवत असेल तर हे उत्तर घरात वाचून दाखवावे.

येथे शरीराची रोगप्रतिकारयंत्रणाच त्वचेच्या वाढीला अवाजवी वेग देते. डोक्यासाठी सॅलिसिलिक आम्ल किंवा कोल टार असलेली औषधे आणि ठरावीक मुदतीपुरते स्टिरॉइडचे लोशन वापरतात. सकाळचे कोवळे ऊनही पुष्कळांना मानवते. बिडी आणि दारूने त्रास वाढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तो वाढू शकतो, म्हणून चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे दाखवायला न्या, मात्र त्या मनाने बंद करू नका. गावात येणाऱ्या कोणाकडूनही स्टिरॉइडचे इंजेक्शन किंवा गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी आठवड्यात अंग स्वच्छ होते खरे, परंतु त्या थांबताच आजार पूर्वीपेक्षा भयंकर रूपात, कधी अंगभर पुवाचे फोड घेऊन उलटतो. सकाळी उठल्यावर बोटे किंवा गुडघे आखडलेले राहत असतील तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण सोरायसिस सांध्यांतही उतरतो आणि त्याचे औषध वेगळे असते.