पर्यावरण जपत राहायला नव्यानं सुरुवात करतेयस, तर आधी पाण्याकडे बघ

एकदम सगळं घर बदलायला जाऊ नकोस. बांबूचे ब्रश, काचेच्या बरण्या, काही विकत आणू नकोस. आहेत ते प्लास्टिकचे डबे फुटेपर्यंत वापर.

सोलापुरात सुरुवात पाण्यापासूनच करावी. उजनीचं पाणी आपल्याकडे रोज येत नाही, आणि नळ आला की आपण कालचं भरलेलं ‘शिळं’ म्हणून ओतून देतो. ही सवय पहिल्यांदा सोड. झाकलेलं पाणी शिळं होत नाही. घरात आरओ (पाणी शुद्ध करायचं यंत्र) असेल तर त्याच्या सांडपाण्याच्या नळीखाली बादली लाव. शुद्ध पाण्यापेक्षा जास्त पाणी तिथूनच जातं. त्यानं फरशी पूस, संडासात वापर. कुंड्यांना मात्र घालू नकोस, क्षार फार असतात. झाडांना तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी दे.

जेवणात ज्वारी वाढव. रब्बीची ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर येते, उसासारखं पाणी मागत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. रोज एक वेळ भाकरी केलीस तरी मला फार आनंद होईल.

ओल्या कचऱ्याचं खत जरूर कर, पण आपल्या उन्हाळ्यात बादली सावलीत ठेव आणि अधूनमधून पाणी शिंपड. माझी पहिली बादली एप्रिलमध्ये पार वाळून गेली होती, महिनाभर काहीच कुजलं नाही.

आणि जुनी सुती चादर टाकू नकोस. मधून विरली की मधोमध कापून बाहेरच्या कडा जोडून शिव, अजून दोन वर्षं जाते.