स्नीक्ड की स्नक?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. इंग्लिशच्या पेपरात तिने 'द कॅट स्नक इनटू द किचन' लिहिलं, तर बाईंनी स्नकवर लाल गोल करून अर्धा मार्क कापला. ती म्हणते वेबसिरीजमध्ये सगळे स्नकच म्हणतात. खरं काय? आणि स्नीकचा अर्थ डिक्शनरीत 'गुपचूप जाणे' दिलाय, तेवढाच का? – एक आई, परळ

उत्तर : आधी अर्ध्या मार्काचं बघू. स्नीक्ड हे जुनं, नियमाने चालणारं रूप, आपल्या शाळांचं इंग्लिश ब्रिटिश वळणाचं म्हणून बाईंना तेच हवं. स्नक आलं अमेरिकेतून, 19व्या शतकाच्या शेवटी, आधी लोक त्याला नाकं मुरडायचे, आता डिक्शनऱ्यांनी घरात घेतलंय. खरं तर ही उलटी गंगा, कारण इंग्लिशमध्ये बहुतेक वेळा वाकडी रूपं सरळ होतात, हेल्पचं पूर्वी होल्प व्हायचं त्याचं हेल्प्ड झालं, आणि इथे सरळ असलेलं वाकडं झालं! मुलगी चुकली नाहीये, पण पेपरात स्नीक्डच लिही म्हणावं, उगाच मार्क कशाला घालवायचे.

आता अर्थ. 'गुपचूप जाणे' चूक नाही, पण अर्धवट आहे. समजा चाळीत रात्री साडेबाराला मुलगा घरी येतोय, चपला हातात, लाकडी जिन्याची ती एक पायरी करकरते म्हणून भिंतीला चिकटून चढतोय. बाबा जागे झाले तर खैर नाही म्हणून असं करत असेल तर ते स्नीक. पण सेकंड शिफ्ट करून आलाय आणि घरात बाळ झोपलंय म्हणून जपून चाललाय तर ते टिपटो. पाय तेवढेच हळू, चपला तशाच हातात, पण मनात चोर असला तरच स्नीक, माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

मराठीत एकच शब्द शोधू नका, मिळणार नाही. आपण चोरी 'हळूच', 'चोरपावलांनी', 'दबकत' यांच्यावर टाकतो आणि क्रियापद मोकळं ठेवतो. स्नीक आउटला मात्र 'सटकणे' एकदम फिट्ट, लग्नात जेवण झालं की फोटोच्या आधी सटकतात ना, तसं. स्नीक अप ऑन म्हणजे मागून दबक्या पावलांनी येऊन गाठणं. वस्तूलाही लागतं हे, मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून पर्समध्ये ओढणीखाली वडापाव दडवून नेला तर तो स्नीक इन केला (वासाने पकडले जाता ही गोष्ट वेगळी).

आणि स्नीक थीफ म्हणजे आपला भुरटा चोर, कुलूप न तोडता उघड्या दारातून शिरून हाताला लागेल ते उचलणारा. ब्रिटिश शाळांत बाईंकडे चहाड्या करणाऱ्या पोरालाही स्नीक म्हणायचे. स्नीकर्स बूटही यातलेच, रबरी तळ, आवाज नाही.

राहिलं मुलीचं मांजर. आमच्याकडचा बोका भरदिवसा ओट्यावर चढतो, दुधाच्या पातेल्यावरची ताटली पाडतो आणि वर माझ्याकडेच बघत बसतो. त्याला स्नीक्ड पण नाही आणि स्नक पण नाही, सरळ वॉक्ड इन लिहावं लागेल.